अकरा दिवसांचं ऊन

१४ नोव्हेंबर

आत्या,

नमस्कार-चमत्कार नंतर, आधी भांडण. बाबांनी तुला माझ्याबद्दल काय लिहिलं ते मला ठाऊक आहे, कारण पाकीट चिकटवण्याआधी त्यांनी ते मला फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं. तुझा भाऊ असा आहे, शिवी दिली तरी पोच घेतो. आणि त्यावर तू मला दीड ओळ लिहिलीस : "पितोस म्हणे. किती?"

किती म्हणजे? मी काय दुधाचा रतीब लावलाय?

दोन पेले. चार वाजता, फर्निचरचा कारखाना सुटल्यावर. मिस्त्री दिव्याच्या उजेडात पॉलिश करू देत नाहीत, डाग दिसत नाहीत म्हणतात, आणि इथे साडेतीनलाच रस्त्यावरचे दिवे लागतात. म्हणजे चारला मी मोकळा आणि समोर सोळा तासांचा अंधार. माणसाने काय करायचं, तूच सांग.

आळशी म्हणू नकोस. बाबा म्हणतात तेवढं पुरे. दरवर्षी नोव्हेंबर लागला की कुणीतरी माझ्या अंगावर ओली चादर टाकतं आणि मार्चपर्यंत काढत नाही. मी कॉलेज मस्तीत सोडलं असं सगळ्यांना वाटतं. दुसऱ्या वर्षीचा अख्खा डिसेंबर मी बिछान्यात पडून भिंतीवरचा एक ओघळ बघत होतो. आजही तो जसाच्या तसा काढून दाखवीन. परीक्षेला बसलोच नाही. मग मान खाली घालून परत जाण्यापेक्षा ताठ मानेने बाहेर पडलो, इतकंच. दोन पेले घेतले की ती चादर सरकते आणि दोन तास मी माझ्यासारखा असतो. लोक व्यसन म्हणोत, मी छत्री म्हणतो.

आणि यंदा मला उभं राहायलाच हवं. कारखान्यासमोर चष्म्यांचं दुकान आहे. तिथे भिंगं घासायला एक जण बसते. जुलैमध्ये मी तिला विचारलं. ती डोळ्याला भिंग लावून बसली होती, तशीच माझ्याकडे वळून म्हणाली, "जुलैत काय, कुणीही छान असतो. मागच्या हिवाळ्यात तू त्या समोरच्या पायरीवर बसून रडत होतास. मला त्या माणसाला बघायचंय. जानेवारीत विचार."

तर जानेवारीत विचारणार आहे. त्यातून मिस्त्रींनी तिच्याच दुकानातलं भिंगांचं कपाट माझ्या गळ्यात घातलंय. सांगाडा भिंतीत बसवलेला आहे, तो तिथेच राहील. चोवीस खण तेवढे कारखान्यात आणलेत. प्रत्येक खणाला पॉलिशचे आठ हात द्यायचे. असे चमकवीन की तिला त्यात स्वतःचं नाक दिसेल.

आता बाबांना कळव, वाया गेलेला मुलगा कामावर आहे.

तुझा
काडी


१९ नोव्हेंबर

काडी,

पत्र मिळालं. फोनपेक्षा हे बरं, कागदावर तुला ओरडता येत नाही.

दोन पेले लिहून घेतले. माझं कामच ते आहे. डोळ्यांनी दिसलं ते सरळ लिहायचं, आणि कुणी सांगितलं तर त्यापुढे "ऐकीव" असं लिहायचं. तुझे दोन पेले मी ऐकीवात घातलेत.

तुझ्या बाबांना वाटतं मी डोंगरावर बसून ढग मोजते. अगदीच खोटं नाही ते. वेधशाळेच्या गच्चीवर एक काचेचा भरीव गोळा आहे, तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढा. त्याच्या मागे एक जाड निळं कार्ड खोचतात. ऊन पडलं की ते गोळ्यातून एका टिपक्यात गोळा होतं आणि कार्ड तिथे जळतं. सूर्य सरकतो तशी जळकी रेघ सरकते. ढग आला की तुटते. संध्याकाळी मी कार्ड काढते, रेघ मोजते, वहीत लिहिते, दुसरं कार्ड घालते. अठ्ठावीस वर्षं हेच. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा तुझ्या आतोबांना मी एकच अट घातली होती, दुपारी चारला मला कुठेही नेऊ नका.

गच्चीवरचा गोळा सरकारचा. पण माझ्या खोलीच्या खिडकीत एक बाद झालेला गोळा आहे, टवका उडालेला, तो माझा. त्यातलं कालचं कार्ड पाठवते. बघ, दुपारी दीड तास ऊन होतं. खाली तुमच्याकडे ढग साचले तरी कधी कधी डोंगराचं डोकं त्यांच्या वर निघतं.

चारचे दोन. आणि आठचे किती?

आत्या


२४ नोव्हेंबर

आत्या,

आठचं तुला कुणी सांगितलं? बरं, आठ वाजता एक. झोपेसाठी. विषय संपला.

कार्ड बाकाच्या वर खिळ्याला टोचलंय. मिस्त्री येता-जाता बघतात. "सूर्याने केलेलं काम," म्हणाले, "तुझ्यापेक्षा सफाई आहे." दीड तासाचं ऊन दीड दिवस बघत बसलो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी आठचा पेला विसरलो.

त्यावरून डोक्यात आलं. पैज लावतेस? तू रोज तुझ्या गोळ्यातलं कार्ड टपालाने पाठव. जळकं कार्ड हातात पडेल त्या दिवशी मी थेंब घेणार नाही. चारचे नाहीत, आठचा नाही. कोरं आलं तर माझा मी मुखत्यार, आणि तू एक अक्षर बोलायचं नाहीस, बाबांनीही नाही. मी दारूला घाबरत नाही आणि सूर्याची भीकही मागत नाही. त्यानेच हजेरी लावावी, मग मीही लावतो.

आणि तुला त्या डोंगरावर कसं जमतं गं? खाली निदान दुकानं तरी आहेत.

काडी


२८ नोव्हेंबर

काडी,

मंजूर. माझी एक अट. कोऱ्या दिवशी किती घेतलीस ते खरं लिहायचं. ऐकीव चालणार नाही.

कालचं कार्ड सोबत. पाऊण तास.

मला जमतं.

आत्या


९ डिसेंबर

आत्या,

काय गं तुझा सूर्य. दहा दिवसांत दोन जळकी कार्डं, तीही कुणी विडी टेकवल्यासारखी. ते दोन दिवस पाळले. बाकीचे आठ कोरे, आणि खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो : पहिले तीन दिवस तीन-तीन पेले, मग चार, परवा बाटली संपली तेव्हा मोजायचं राहून गेलं. पैजेच्या बाहेर काही केलेलं नाही. कोरं ते कोरं.

तरी तुला वाटेल म्हणून सांगतो, काम बंद नाही. चोवीसपैकी नऊ खणांचे पाच हात झाले होते. परवा एक हातातून पडला, कोपरा दुखावला, लाकूड जुनं आहे. मिस्त्रींनी मला पॉलिशवरून काढून पॉलिशपेपर घासायला बसवलंय. "पॉलिशच्या बोळ्याला हात हलका लागतो," म्हणाले, "हलणारा नको." सगळे हसले. मी पण हसलो, मग मिस्त्रींना जिन्यात गाठून दोन शब्द सुनावले. नक्की काय ते सकाळी आठवेना. मिस्त्रींनाही आठवत नाही म्हणे. म्हातारा भला आहे.

ती समोरून जाते तेव्हा मी घासत असतो. मान वर करत नाही. पायरीवर मात्र बसत नाही, एवढं तिने लिहून ठेवावं.

सकाळी उठल्यावर पहिला तास वाईट जातो. एकदा वाटलं, उठायचंच कशाला. तू काळजी करू नकोस, असं वाटणारे लोक जन्मभर जगतात.

पाठव तुझी कोरी कार्डं. मी खंबीर आहे.

काडी


११ डिसेंबर

काडी,

डोंगर ढगांच्या वर आलाय. कार्ड बघ. चार तास वीस मिनिटं.

उद्याही पडेल असं दिसतंय.

आत्या


२३ डिसेंबर

आत्या,

बसून वाच. अकरा दिवस, अकरा कार्डं, एकूण एक जळकी. कारखान्यात सगळे येऊन बघून जातात. भिंतीवर ओळीने लावलीत, खालून वाचलं की ऊन चढत गेल्यासारखं दिसतं.

मी शब्द पाळला. थेंब नाही. पहिले तीन दिवस विचारू नकोस, घाम, हाताला कंप, रात्र रात्र छताकडे डोळे. मिस्त्री म्हणाले, हे अंगावर काढायचं नसतं, डॉक्टरकडे चल. मी गेलो नाही, तो माझा शहाणपणा. चौथ्या दिवशी सात तास झोपलो. तुला सांगू, एवढं झोपलो नव्हतो तेव्हा मला वाटायचं पेल्यामुळेच झोप येते.

रविवारी टपाल नसतं. चार वाजता मी दाराशी उभा. कार्ड नाही, समोर बाटलीचं दुकान उघडं. म्हटलं, आत्याने उद्याही पडेल असं लिहिलंय म्हणजे पडलंच असेल. भरवशावर काढला दिवस. सोमवारी दोन कार्डं एकदम आली, दोन्ही जळकी. मी रस्त्यात नाचायचाच बाकी होतो.

चादर आहेच गं. चादर गेलेली नाही. पण खालून हात बाहेर काढता येतात. मिस्त्रींनी बोळा परत दिला. चोवीसच्या चोवीस खणांचे सात हात झाले, कोपराही बसवला. आठवा राहिलाय.

उद्या ही कार्डं तिला नेऊन दाखवणार. जानेवारी लांब आहे, पण तिला कळू दे की हिवाळ्यातला माणूस तयार होतोय.

तुझा, ऊन खाऊन टम्म झालेला
काडी


२७ डिसेंबर

आत्या,

नमस्कार नाही.

मी तिच्या काउंटरवर अकरा कार्डं मांडली, शेजारी तुझं नोव्हेंबरचं पहिलं. तिने एक उचललं, डोळ्याला भिंग लावलं. मग दुसरं. मग सगळी उलटी केली आणि पाठीवरून बोट फिरवलं.

म्हणाली, "हे उन्हाने नाही झालेलं."

मी म्हटलं, "तुला काय कळतं?"

"मी दिवसभर भिंगंच घासते ना. सकाळचं ऊन लुळं असतं, रेघ बारीक लागते. दुपारी जाड, मग पुन्हा बारीक. हे पहिलं कार्ड बघ, नोव्हेंबरचं, तसंच आहे. ही अकरा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका जाडीची आहेत. आणि पाठीवर फुगवटा आलाय. कुणीतरी तापलेली तार दाबून ओढलीय."

मी बोट फिरवून पाहिलं. फुगवटा होताच.

मग तिने डोळ्याचं भिंग काढलं आणि हळू आवाजात विचारलं, "तूच केलंस का?"

कळतंय तुला? तूच केलंस का. कारखान्यात तार आहे, शेगडी आहे. तिच्या जागी मी असतो तरी हेच विचारलं असतं. मी काय सांगणार होतो? की माझी सरकारी नोकरीतली आत्या, जी दिसलं तेच लिहिते, जी माझ्या दोन पेल्यांपुढे "ऐकीव" लिहिते, ती खोलीत बसून मला ऊन बनवून पाठवते? कार्डं तिथेच टाकून बाहेर पडलो.

नंतर दोन दिवस प्यालो. मोजलं नाही. तुझ्या सूर्याची मला गरज नव्हती आणि तुझ्या दयेची तर नव्हतीच.

काल पहाटे कारखाना उघडून आठवा हात द्यायला बसलो. मिस्त्रींची एकच शिस्त आहे : आधी शेगडी, मग पॉलिश. ओल्या गारठ्यात हात दिला की पाणी पॉलिशच्या आत अडकतं. मी शेगडी पेटवलीच नाही. कुठली शेगडी, मला माझे बूट सापडत नव्हते. उजाडलं तेव्हा चोवीसच्या चोवीस खणांवर पांढरं धुकं चढलं होतं, मोतीबिंदू झाल्यासारखं. मिस्त्रींनी दारातूनच पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पंधरा तारखेला खण द्यायचेत. धुकं काढता येतं, पण थरथरत्या हाताने नाही. आधी हात आण, मग ये. नाही जमलं तर मी दुसरा माणूस बघतो."

नोकरी गेली, ती गेली. तुझ्याकडे ऊन चांगलं पडतंय ना?


३१ डिसेंबर

काडी,

सुई होती, तार नाही. विणायची सुई, गॅसवर तापवलेली. तिला म्हणावं डोळा चांगला आहे.

नऊ तारखेचं तुझं पत्र मी तीनदा वाचलं. "उठायचंच कशाला" हे तू चेष्टेत लिहिलंस की नाही ते मला ठरवता येईना. बाहेर ढग इतका खाली होता की गच्चीचा कठडा दिसत नव्हता. गच्चीवरचं कार्ड कोरं, खिडकीतलं कोरं. मी सुई घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. मग थांबायची भीती वाटली.

आता दुसरं सांगते, तुझ्या बाबांनाही माहीत नाही. तू विचारलं होतंस, तुला कसं जमतं, आणि मी दोन शब्दांत उडवलं होतं. बारा वर्षांपूर्वी जमलं नव्हतं. आतोबा बदलीच्या गावी, मी इथे एकटी. चारला कार्ड काढलं की दिवस संपायचा. मग एक पेला. मग जेवणाआधी एक. मीही छत्रीच म्हणत होते, शब्द वेगळा होता. जानेवारीत एकदा तीन दिवस मी कार्ड बदललंच नाही. झोपून होते. चौथ्या दिवशी गच्चीवर गेले तर एकाच कार्डावर तीन दिवसांच्या रेघा एकमेकींवर जळलेल्या. कुठली कधीची, देवाला माहीत. मी कोरी तीन कार्डं घेतली, सुई तापवली आणि तीन दिवसांचं ऊन अंदाजाने ओढून मुख्य कचेरीत पाठवून दिलं.

वर्षाने साहेब तपासणीला आले. त्यांनी कार्ड उलटं केलं, बोट फिरवलं, परत ठेवलं. संध्याकाळी मीच जाऊन सांगितलं. ते तीन दिवस वहीत आजही रिकामे आहेत, पुढे लाल शाईत माझी सही आहे. साहेबांनीच मला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती तुलाही सांगते : पेला तीन तास झोप आणतो आणि पहाटेची काढून घेतो, म्हणून दुसऱ्या दिवशीचा अंधार जास्त जड लागतो, म्हणून पेला वाढतो. बाकी औषधं, दिवा, रोजचं चालणं, ते त्यांनी माझं बघून ठरवलं, तुझं तुझ्याकडे बघून ठरवतील. जा. एकदम सोडताना अंगावर काढू नये असंही ते म्हणाले होते, आणि तू काढलंस ते वाचून माझा जीव खाली-वर झाला. ते माझ्यामुळे.

तेव्हा ठरवलं होतं, पुन्हा सुई तापवणार नाही. तुझ्यासाठी तापवली. चुकले. तिच्यापुढे तुला खोटं पाडलं ती चूक सगळ्यांत मोठी.

हे पत्र तिला दाखव. म्हणजे कळेल कार्डं कुणी केली. माझं काय व्हायचं ते होवो, मी रिटायर व्हायला आले.

एक मात्र लिहिते, रागावलास तरी. मधल्या रविवारी तुझ्याकडे कार्ड नव्हतं. खरंही नाही आणि खोटंही नाही.

आत्या


५ जानेवारी

आत्या,

अजून रागावलेलोच आहे, तेव्हा गोड बोलत नाही.

पत्र तिला दाखवणार नाही. दाखवलं की मी सुटतो हे मला पत्र उघडल्याबरोबर कळलं, मी इतकाही मठ्ठ नाही. पण तुझे ते तीन दिवस मी कुणाच्या काउंटरवर पसरणार नाही. ती मला खोटारडा समजते तर समजू दे. पत्र माझ्या ट्रंकेत तळाशी आहे.

डॉक्टरकडे गेलो. मिस्त्री सोबत आले होते, बाहेर बाकावर बसून राहिले, वधूपित्यासारखे. डॉक्टर बाई आहेत. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, त्यांनी संधीच दिली नाही. थंडीतला हा प्रकार नावानिशी माहीत आहे त्यांना, म्हणजे तो आळस नाही, बाबांना हे मोठ्या अक्षरात कळव. गोळ्या दिल्यात, सकाळी अर्धा तास मोठ्या दिव्यापुढे बसायला आणि रोज चालायला सांगितलंय, आणि दर चार दिवसांनी जाऊन तोंड दाखवायचं. दिव्यापुढे मी अंडं उबवल्यासारखा बसतो. बरं वाटतं का? अजून नाही. तरी बसतो.

थेंब नाही, आज अकरावा दिवस. ऐकीव समज, नाहीतर काहीही समज.

त्या रविवारचं मी मनातल्या मनात तुझ्याशी खूप भांडलो. भांडून झाल्यावरही रविवार जागचा हलला नाही.

आता मी विचारतो. त्या अकरा दिवसांत तू सुई कधी तापवायचीस? टपाल सकाळी निघतं, म्हणजे आदल्या संध्याकाळीच. चार वाजता ना? तुझं तिकडे कसं चाललंय, आत्या? "जमतं" लिहिलंस तर पत्र फाडून परत पाठवीन.

आणि कार्डं पाठव. कोरी पाठव, गठ्ठाच्या गठ्ठा, न प्यालेल्या दिवसाला एक. पैज मोडली. सूर्य पडो न पडो, तो त्याच्या घरी सुखी राहो.

काडी


८ जानेवारी

काडी,

वीस कोरी कार्डं. हिवाळ्याची आहेत म्हणून आखूड. उन्हाळ्याची लांब असतात, ती मे महिन्यात माग.

हो, चार वाजता. ऑक्टोबरपासून कपाटात एक बाटली आहे. विकत का आणली ते सांगता येणार नाही, उघडलेली नाही. सुई हातात असायची त्या अकरा दिवसांत तिची आठवणही झाली नाही. नंतर झाली.

काल ती खालच्या दवाखान्यातल्या नर्सबाईकडे नेऊन दिली. ती म्हणाली, मी हिचं काय करू? मी म्हटलं, तुझं तू बघ.

वीस मी पण ठेवलीत माझ्यासाठी.

आत्या


१६ जानेवारी

आत्या,

घडलं तसं सांगतो.

तेरापर्यंत माझा हात धड नव्हता. सकाळी पेन्सिल धरून बघायचो, टोक नाचायचं. तेराला थांबलं. मिस्त्रींनी खोली तापवली, दार लावलं आणि मला बोळा दिला. धुकं काढायची रीत अशी : बोळा स्पिरिटने जेमतेम ओलसर करायचा आणि लाकडावरून एकदाच, न थांबता न्यायचा. पॉलिश क्षणभर उघडतं, आतलं पाणी उडून जातं, मिटतं. मध्ये थांबलास की बोळा चिकटतो आणि खालचे आठही हात सालीसारखे निघून येतात. चौदाच्या संध्याकाळपर्यंत तेवीस खण साफ केले. खोलीभर स्पिरिटचा वास. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, तेही लिहून ठेव, दिसलेलं आहे.

चोविसावा मी तसाच पांढरा ठेवला. काल पंधराला मिस्त्री आणि मी खण घेऊन दुकानात गेलो. तिने तेवीस बसवले. चोविसावा हातात घेऊन म्हणाली, "हा?"

मी म्हटलं, "तुझ्यासमोर करणार. आधी ऐक. ती कार्डं खोटी होती. मी केली नव्हती. कुणी केली ते सांगणार नाही. पण ते अकरा दिवस खरे होते. नंतर दोन दिवस प्यालो, हेही खरं. त्याला आज एकवीस दिवस झाले."

"पुरावा?"

"नाही."

"एकही?"

"होता. वापरायचा नाहीये."

मिस्त्री भिंतीवरचे चष्मे बघायला लागले, जणू आयुष्यात पहिल्यांदाच चष्मा बघत होते. तिने डोळ्याला भिंग लावलं आणि काउंटरवरून पुढे वाकली. खणाकडे बघत नव्हती, माझ्या मनगटाकडे बघत होती. मी बोळा नेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. धुकं मागे मागे पुसलं गेलं.

तिने खण बसवला, बंद केला, उघडला, बंद केला.

मग मी विचारलं. पावणेचार झाले होते, बाहेर दिवे लागले होते आणि माझ्या डोक्यावर ओली चादर होती. म्हटलं, "जानेवारी आहे. विचारतोय."

म्हणाली, "एका हिवाळ्यावर मी काही ठरवत नाही."

मी म्हटलं, "मग पुढच्या जानेवारीतही विचारीन. त्याच्या पुढच्याही. मी कुठे जात नाही, तू दुकान हलवलंस तर पत्ता सांगून जा."

"भडकतोस कशाला," म्हणाली, "दुकान सहाला बंद होतं. मिस्त्री सांगत होते, चालायला सांगितलंय ना डॉक्टरांनी? मलाही चालायचं असतं. बोलायचं नाही फार."

चाललो. नदीपर्यंत आणि परत. कडाक्याची थंडी, धुकं, तिचा चष्मा सारखा धुरकट होत होता आणि ती तो माझ्या मफलरला पुसत होती. मी फार बोललो नाही. आत्या, मला ते किती जड गेलं हे तुला कळेल.

सोबत एक कार्ड आहे. चौदा जानेवारीचं. खिडकीत दिवसभर ठेवलं होतं, गोळ्याशिवाय, नुसतंच. बोट फिरवून बघ, पाठ सपाट आहे. त्या दिवशी इथे ऊन नव्हतं आणि मी प्यालो नाही. तुझ्या वहीत ऐकीवात घालू नकोस. खोटं वाटत असेल तर डोंगर उतरून ये, चार वाजता कारखान्याच्या दारात उभी राहा आणि तोंडाचा वास घे.

तुझं चौदाचं कार्ड अजून आलेलं नाही. पाठव.

काडी